जंत पडले नव्हते, किटमधलीच पावडर पडली होती

पोटातले जंत काढून देतो म्हणणाऱ्या शिबिरातल्या तपासणीचे ३००, पहिल्या 'कृमिशुद्धी' किटचे ४,८००, दुसऱ्याचे ६,६००. एकूण ११,७०० रुपये गेले, तेही लॅबमध्ये रोज स्टूल तपासणाऱ्या माणसाच्या घरातून. लाज वाटते, तरी लिहितोय.

बायकोच्या अंगावर दोन महिने गांधी उठत होत्या. "पोटातल्या जंतांचं विष कातडीतून बाहेर पडतंय," असं शिबिरात सांगितलं. यात थोडं खरं असतं, आणि माणूस तिथंच अडकतो. गोलकृमीच्या अळ्या फुफ्फुसातून जाताना गांधी उठू शकतात, खोकला येतो, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढतात. स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या बारीक कृमीची अळी कातडीखालून सरकते तेव्हा कुल्ल्यांवर, मांड्यांवर नागमोडी लाल रेघ उठते आणि तासाभरात काही सेंटिमीटर पुढे जाते. पण सहा आठवड्यांहून जास्त चालणाऱ्या गांधींमागे आपल्याकडेही बहुतेकदा जंत निघत नाहीत. हिचे इओसिनोफिल ५०० च्या आतच, म्हणजे नॉर्मल होते. रिपोर्ट घरात होता!

पहिलं किट सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी शीतून वीतभर करडी दोरी पडली. कळायला हवं होतं ते इथं. पाकिटावर चक्क छापलं होतं: इसबगोल, बेंटोनाइट माती. दोन्ही पाणी शोषून फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि आतड्याच्या आकाराची दोरी होऊन बाहेर येतात. गोलकृमी फिकट गुलाबी, घट्ट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. मोठी मादी ३० सेंटिमीटरच्याही वर जाते. पट्टकृमीचे चपटे तुकडे पडतात. ही दोरी चिमटीत धरली की बुळबुळीत होऊन तुटत होती. तिला ना तोंड, ना शेपूट. एक स्लाइड लावायची होती, तीही मी लावली नाही.

दुसऱ्या किटमध्ये लेबल नसलेल्या पांढऱ्या गोळ्या होत्या. दोन दिवसांत गांधी बसल्या, गोळ्या संपताच पुन्हा उठल्या. डोळ्यांना फरक दिसत होता म्हणून पैसे दिले. कुणीही दिले असते. आता मला स्टेरॉइडचा दाट संशय आहे. खरोखर स्ट्राँगिलॉइडिस असलेल्या माणसाला स्टेरॉइड दिलं तर अळ्या अंगभर पसरून जीव जाऊ शकतो. निनावी गोळी घेऊ नका.

पोलीस चौकीत म्हणाले, "राजीखुशीनं पैसे दिलेत, मग गुन्हा कसला?" औषधांच्या कार्यालयात म्हणाले, "लेबलवर आहारपूरक लिहिलंय, अन्न विभागाकडे जा." तिथं सीलबंद पाकीट आणि पक्कं बिल मागितलं. अहो, फोडल्याशिवाय कुणी औषध घेतं का? आणि पक्कं बिल देणारा ठक कुठं पाहिलात? पाच खेटे घातले, दोन अर्ज दिले, पोच एकाचीच मिळाली. बोलायला कुणाला वेळ नाही, शिबिरं मात्र दर रविवारी भरतात.

तेव्हा पाकीट फोडण्याआधी फोटो काढा. यूपीआयनं पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. स्टूल तपासायचं तर तीन वेगवेगळ्या दिवसांचं द्या, एका नमुन्यात बरंच सुटतं. स्ट्राँगिलॉइडिस तर तिन्हींतूनही सुटू शकतो, त्यासाठी रक्ताची अँटिबॉडी तपासणी असते. मुलाला रात्री गुदाशी खाज येत असेल तर सकाळी अंघोळीआधी पारदर्शक चिकटपट्टी लावून ती स्लाइडवर द्या. गालावरच्या पांढरट चट्ट्यांना जंत समजू नका, तो बहुधा कोरड्या त्वचेचा प्रकार असतो. आणि जंतांची अल्बेंडाझोलची गोळी शाळा-अंगणवाडीत सरकारी जंतनाशक मोहिमेत मुलांना फुकट मिळते. तिच्यासाठी ४,८०० लागत नाहीत.

चार पांढऱ्या गोळ्या अजून माझ्याकडे आहेत. त्या कुठं तपासून मिळतील, हे एकाही कार्यालयानं सांगितलेलं नाही.