वॉटर्लू स्ट्रीटचा मेडिकल हॉल: मागितलेली गोळी न देणारं दुकान

मी या दुकानात एक ठरावीक गोळी मागायला गेले होते आणि ती त्यांनी मला विकली नाही. हे परीक्षण लिहायचं मुख्य कारण तेच आहे. दुकान एकट्या वैद्याचं, छोटं आहे आणि खाली माझी एक तक्रारही आहे, म्हणून नाव देत नाही. सिंगापूरमधल्या मराठी मंडळींना जागा ओळखू येईल: बुगिस स्टेशनवरून वॉटर्लू स्ट्रीटला आलं की आपलं श्रीकृष्ण मंदिर आणि त्याला जवळजवळ खेटूनच चिनी लोकांचं क्वान यिन मंदिर. चिनी भक्त तिकडून निघताना कृष्णालाही उदबत्ती लावून जातात. बाहेर कमळं आणि पिवळी शेवंती घेऊन फुलवाल्या बसतात. तिथून दोन मिनिटांवर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हा मेडिकल हॉल आहे. इथे अशा दुकानांना हेच नाव आहे आणि आतल्या वैद्याला जुनी माणसं ‘सिनसे’ म्हणतात.

माझं शिक्षण बी. फार्म., पुण्यातलं. चौदा वर्षं इथे औषध कंपन्यांच्या नोंदणीची कागदपत्रं तपासते. त्यामुळे काउंटरपलीकडचा माणूस काय विचारतो, काय तोलतो आणि पुडीवर काय लिहितो, हे मी बघतेच.

झालं होतं असं. तीन दिवस डोकं ठणकत होतं. कपाळ आणि दोन्ही बाजू आतून फुगल्यासारख्या, घसा खरखरीत, अंगात कसकस. ऑफिसात एसी 22 वर असतो आणि बाहेर 33. मी धरून चालले की थंडी बाधली. ओढणी डोक्याला गुंडाळली, कानात कापूस घातला, रात्री कढत पाण्यानं अंघोळ केली. आपल्याकडे वारं लागलं की हेच करतात. अंघोळीनंतर डोकं जास्तच फुटायला लागलं. ऑफिसातल्या एका चिनी मैत्रिणीनं सांगितलं, छ्वान-श्युंग-छा-थ्याओच्या गोळ्या घे, डोक्यात वारा शिरला की आमच्या घरी त्याच देतात, ग्रीन टीबरोबर घ्यायच्या. मी ते नाव फोनवर लिहून घेतलं आणि शनिवारी सकाळी दुकानात दाखवलं.

सिनसे साठीच्या पुढचे असावेत. त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि बसायला स्टूल दिलं. “मॅडम, डोकं कुठे दुखतं ते तळहात ठेवून दाखवा.” मी कपाळावर आणि कानशिलांवर हात ठेवला. टाळूवर नाही? मानेत ओढ नाही? त्यांच्या शास्त्रात दुखण्याची जागा म्हणजे पत्ता असतो: कपाळ एका वाहिनीचं, कानशिलं दुसरीची, मान तिसरीची, टाळू चौथीची. मग म्हणाले, हनुवटी छातीला लावा. ती लागली. “लागली नसती तर मी तुम्हाला टॅक्सीत बसवून इस्पितळात पाठवलं असतं.” ताप आणि डोकेदुखी घेऊन आलेल्या माणसाची मान आखडली आहे का, हे बघणं किती महत्त्वाचं असतं ते मला ठाऊक आहे. मेंदूच्या आवरणाचा दाह नजरेतून सुटता कामा नये. माझा अर्धा विश्वास तिथेच बसला.

पुढचे प्रश्न मात्र मला नवे होते. गार पाणी प्यावंसं वाटतं का? वाटत होतं, सारखं. नाक वाहतं ते पाण्यासारखं की पिवळं? पिवळं. ओढणी गुंडाळल्यावर बरं वाटतं की गुदमरतं? इथे मी थांबले. खरं उत्तर होतं, गुदमरतं. तीन दिवस मी ती सवयीनं गुंडाळत होते. त्यांनी जीभ बघितली, टोक लाल आणि वर पातळ पिवळा थर. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली. मिनिटभर कोणी बोललं नाही. मग म्हणाले, नाडी वर तरंगते आहे आणि जलद आहे. हा फंग-रे, वारा आणि उष्णता. तुमच्या मैत्रिणीची गोळी वारा आणि थंडी यांच्यासाठी आहे, तिच्यातली द्रव्यं बहुतेक उष्ण. “आगीवर झाकण कशाला ठेवायचं?”

इथे थोडं थांबून सांगते, कारण ‘वारा’ म्हटलं की आपण लगेच आयुर्वेदातला वात आठवतो. मी त्यांना तसं विचारलंही. त्यांचा हा वारा शरीरातला दोष नाही, तो बाहेरून येतो आणि मानेकडून आत घुसतो. कवटीच्या खाली, मानेच्या दोन्ही बाजूंना जे खळगे लागतात तिथल्या बिंदूंचं नाव फंग-छ, म्हणजे वाऱ्याचं तळं. त्यांनी तिथे अंगठा दाबला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वारा हलका, म्हणून वर चढतो. डोक्याच्या शिखरापर्यंत फक्त वाराच पोहोचतो, अशी त्यांच्यात म्हणच आहे. तो एकटाही येत नाही. कधी थंडीला बरोबर घेऊन येतो, कधी उष्णतेला. थंडीबरोबर आला तर दुखणं आवळल्यासारखं असतं, मानेपर्यंत ओढ जाते, तहान नसते, नाकातून पाणी गळतं आणि मफलर हवाहवासा वाटतो. उष्णतेबरोबर आला तर डोकं फुटेल असं वाटतं, डोळे लाल होतात, ऊब सोसत नाही. कानावर मफलर बांधायला सांगणारी आपली आजी आणि हे सिनसे अर्ध्या वाटेपर्यंत एकाच रस्त्यानं जातात. पुढे ते ‘कोणता वारा’ हे विचारतात. वीस मिनिटांच्या तपासणीचे 18 डॉलर मला त्या प्रश्नासाठी दिल्यासारखे वाटले.

गोळी विकली असती तर त्यांना अठरा मिळाले असतेच, वर बाटलीचे पैसेही. बाटली काचेच्या कपाटात माझ्यासमोरच होती.

मग लिहिली ती पुडी. मूळ पाठ (ठरलेल्या औषधांचा योग) सांग-च्यू-यिन, म्हणजे तुतीचा पाला आणि शेवंती यांचं पेय. वू जुथोंग या वैद्यानं तो 1798 मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात दिला आहे आणि अशा हलक्या वारा-उष्णतेच्या तापासाठी तो आजही दिला जातो. त्यात जर्दाळूच्या बियांचा कडू गर असतो, तो खोकल्यासाठी. मला खोकला नव्हता, म्हणून सिनसेंनी तो काढला. ते मला आवडलं, कारण त्या गरातल्या अमिग्डॅलिनपासून सायनाइड सुटतं आणि गरज नसताना ते पोटात का घालायचं? राहिलं ते असं: तुतीचा पाला, शेवंती, ल्येन-छ्याओ नावाची सुकी फळं, पुदिन्याच्या जातीचं पो-ह, च्ये-कंगची मुळं, पाणथळीतल्या बोरूच्या जातीच्या गवताची जमिनीखालची खोडं आणि ज्येष्ठमध. डोक्यासाठी वरून एक भर, मान-चिंग-च.

आणि इथे माझी तक्रार. त्यांनी मला जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे का ते विचारलं. हा प्रश्न इथे सगळे विचारतात, त्यामागे इतिहास आहे. ज्या नवजात बाळांत हे विकर कमी असतं त्यांना कावीळ होण्याच्या भीतीनं ह्वांग-ल्येन हे कडू मूळ सिंगापुरात 1978 पासून बंद होतं आणि कच्च्या रूपात ते परत विकायला परवानगी मिळाली ती 2016 च्या जानेवारीत. चीनमध्ये 1202 साली डोकं आणि चेहरा सुजवणारी साथ आली, तेव्हा ली काओ या वैद्यानं बांधलेल्या पाठात मुख्य द्रव्यांपैकी एक हेच मूळ होतं. म्हणजे डोक्याच्या उष्ण दुखण्यांचं इतकं जुनं औषध, आणि सिनसेंच्या वडिलांना ते इथे विकता येत नव्हतं. त्यांचा तो खण अडतीस वर्षं रिकामा होता. हे सांगताना त्यांनी तो उघडून दाखवला. इतकी सावधगिरी असूनही त्यांनी मला फुलांची ॲलर्जी आहे का, हे मात्र विचारलं नाही. मीच सांगितलं. पुण्यात शिकत असताना मोकळ्या प्लॉटमधल्या गाजरगवतानं माझ्या पापण्या आणि मान सोलवटून निघायची आणि दसऱ्याला शेवंतीच्या माळा ओवल्या की हातांना पुरळ उठायचं. दोन्ही एकाच कुळातली, गाजरगवत सोसत नाही त्यातल्या पुष्कळांना शेवंतीही सोसत नाही. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायलाच हवा आणि ज्या दुकानात निम्म्या पुड्यांत शेवंती जाते तिथे तो सगळ्यांनाच विचारायला हवा. मी फार्मसी शिकले म्हणून बोलले. न शिकलेला माणूस बोलला नसता. मी हे त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शेवंतीवर रेघ मारली आणि वहीच्या पहिल्या पानावर चिनीत काहीतरी लिहून ठेवलं. पुढच्या वेळी विचारतात का, ते बघेन.

दुसरी तक्रार लहान आहे. पुडीवर सगळं चिनीत, हातानं लिहिलेलं. शास्त्रीय नावं मागितली तर छापून देतात, पण मागावी लागतात. ती घ्याच. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

तोलायचं काम आंटी करतात. हातात धरायचा बारीक दांडीचा काटा, मागे भिंतभर लाकडी खण. काउंटरवर तीन कागद पसरायचे आणि एकेक जिन्नस तिन्हींवर सारखा वाटत जायचा. मी त्यांना मान-चिंग-च म्हणजे काय ते विचारलं. त्यांनी मिऱ्याएवढे राखाडी दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि एक नखानं फोडून नाकाशी धरला. तो निर्गुडीचा वास होता. अगदी तोच नाही, पण त्याच घरातला. घरी येऊन शोधलं तर खरंच भावंडं निघाली: आपली निर्गुडी आणि समुद्रकाठच्या वाळूत पसरणारी ही, दोघी एकाच वंशातल्या. रत्नागिरीला आमच्या कुंपणाला निर्गुडी होती. डोकं धरलं की आजी तिचा पाला उशीत भरून द्यायची. त्या शनिवारी चिनी काउंटरवर, ओळखीचं एकही अक्षर आजूबाजूला नसताना, मला आजीची उशी आठवली. आंटींना मी ते सांगितलं. त्यांनी आणखी चार दाणे कागदात बांधून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता उकळण्याबद्दल, कारण मी इथेच चुकले आणि तुम्हीही चुकाल. आपला काढा म्हणजे चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचा, हे आपल्याला पाठ. पहिली पुडी मी तशीच आटवली. काळं, दाट, कडू पाणी झालं आणि पोट जड झालं. फोन केला तर आंटींनी सरळ विचारलं, “वास किती वेळ घरात होता?” तासभर. “मग तो घरात गेला, तुमच्यात नाही.” अर्धा तास भिजवायचं, मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात उकळी आणायची, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं आणि पो-ह अगदी शेवटी, चार मिनिटं, झाकण लावून. मला हे पटलं, कारण पुदिन्यातलं उडनशील तेल उकळत ठेवलं तर उरणार नाही. मागाहून कळलं की त्याच वू जुथोंगनं आपल्या दुसऱ्या प्रसिद्ध पाठाखाली हेच बजावलं आहे: सुगंध भरून सुटला की लगेच उतरवा, जास्त शिजवू नका. त्याचं म्हणणं, वरच्या भागाच्या दुखण्याला औषध पिसासारखं हलकं हवं. जड केलं तर ते खाली उतरतं, डोक्यापर्यंत जात नाही. शंभर तऱ्हांचे काढे मी बघितले असतील, पण न आटवण्यामागे इतका विचार पहिल्यांदा ऐकला. दुसरी पुडी नीट केली. रंग फिका सोनेरी, चव पाल्यासारखी, शेवटी ज्येष्ठमध. पिऊन पांघरूण न घेता पडून राहिले.

रविवारी संध्याकाळी डोकं उतरलं, सोमवारी घसा. मी यावरून औषध सिद्ध झालं असं म्हणणार नाही. घसा आणि नाक यांचं असं दुखणं चार-सहा दिवसांत आपलं आपण उतरतं आणि माझा तो पाचवा दिवस होता. पण ओढणी सोडल्यानं, कढत अंघोळ बंद केल्यानं आणि गार नाही तरी साधं पाणी भरपूर प्यायल्यानं त्याच रात्री आराम पडला, हे मात्र नक्की. त्या तिन्ही गोष्टी सिनसेंनी सांगितल्या होत्या आणि त्यांचे पैसे वेगळे नव्हते. चुकीच्या गोळीवर मी आणखी दोन दिवस डोकं गुंडाळून बसले असते.

अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी वाटली, तर या दुकानात किंवा कुठल्याही दुकानात जाऊ नका, थेट इमर्जन्सीत जा. सिनसेंच्या भिंतीवरही इंग्रजीत आणि चिनीत हे लिहिलेलं आहे, अगदी दारासमोर. सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र त्याच्याच शेजारी टांगलेलं आहे. इथे कुठल्याही मेडिकल हॉलमध्ये बसलात की आधी ते बघा.

तीन पुड्यांचे 24 डॉलर झाले. उकळून तयार हवं असेल तर पुडीमागे दोन डॉलर जास्त आणि दुसऱ्या दिवशी मिळतं, पण ते मोठ्या यंत्रात एकत्र शिजवतात. पो-ह शेवटी टाकायचं असलेल्या पाठासाठी मी तसं करणार नाही. सुया टोचून घ्यायच्या असतील तर आधी फोन करावा लागतो. मंगळवारी बंद. शनिवारी साडेअकराच्या आत पोहोचा, मंदिरातली गर्दी सुटली की स्टुलं भरतात, आणि एकनंतर आंटी जेवायला जातात तेव्हा तोलायला कोणी नसतं.