किडनी कोणाला द्यायची: कळवळ्याने की यादीने?

मेंदूमृत दात्याची किडनी मिळाली की ती कोणाला द्यायची? एक मार्ग कळवळ्याचा. समोर डायलिसिसने खंगलेला कोवळा पोरगा, शेजारी तोंडाला पदर लावून बसलेली आई. कोणाचंही मन म्हणेल, यालाच द्या. दुसरा मार्ग यादीचा. महाराष्ट्रात विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या ती सांभाळतात. रक्तगट, डायलिसिसवर किती काळ काढला, अशा निकषांवर क्रम लागतो. कोणी कितीही रडलं तरी तो हलत नाही.

ऐकायला निष्ठुर वाटतं, पण मी ठामपणे यादीच्या बाजूची आहे. 1995 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. सहभागींना एका गंभीर आजारी मुलीची मुलाखत ऐकवली आणि विचारलं, हिला उपचारांच्या प्रतीक्षायादीत वर घ्यायचं का? तिला काय वाटत असेल याची कल्पना करत ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिला वर घेतलं, जास्त गरजू मुलं त्यामुळे मागे पडणार हे ठाऊक असूनही. तटस्थपणे ऐकणाऱ्यांत असे बरेच कमी निघाले. मागे पडलेल्या मुलांनाही आया असतात, फक्त त्या समोर बसलेल्या नसतात.

मात्र यादी किडनी वाटते, मिळवत नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर पोरगा गमावलेल्या बापाला, अवयवदानासाठी होकार मागायला आलेला समन्वयक नियम वाचून दाखवू लागला, तर तो उठून जाईल आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. तिथे आधी पाणी पुढे करावं लागतं, गप्प बसावं लागतं, ‘बॉडी कधी मिळणार?’ याला खरं उत्तर द्यावं लागतं. ते काम कळवळ्याशिवाय होत नाही.