अमळनेरच्या काळ्या मातीत पारिजातक: अठरा महिन्यांचा अनुभव

पारिजातक लावून आता अठरा महिने झाले. त्याआधी एक रोप माझ्या हातून मेलं, आणि हे दुसरंही गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी जवळपास उपटलंच होतं. दोन्ही वेळा चूक झाडाची नव्हती. आपल्याकडे लोक हे झाड हौसेनं आणतात आणि वर्षाच्या आत "आमच्याकडे ते जगतच नाही" म्हणून मोकळे होतात. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आमचं घर अमळनेरला, मागे परसात थोडी मोकळी जागा. माती काळी, भारी. खान्देशातल्या कुणाला ही माती वेगळी सांगायला नको. पावसात फुगते, चपलेला किलोकिलोनं चिकटते, आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत अख्खा तळहात जातो. कापसाला ती मानवते. पारिजातक मात्र मूळचा कोरड्या पानझडी जंगलातला, डोंगरउतारावर, दगडगोट्यांत वाढणारा. त्याच्या मुळाशी पाणी आलं की ते वाहून जायला हवं, तिथेच थांबलं तर त्याला सोसत नाही.

पहिलं रोप मी जुलैत सपाट जमिनीत खड्डा खणून लावलं होतं. ऑगस्टात आठ-दहा दिवस झड लागली. खड्ड्यातली माती भुसभुशीत, भोवतालची घट्ट. म्हणजे मी झाडासाठी खड्डा नाही, हौद खणला होता. पानं पिवळी पडायला लागली तशी मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून वरून आणखी शेणखत घातलं. पंधरा दिवसांत रोप गेलं. उपटलं तर मुळं काळी पडलेली, बोटानं धरली की साल मोज्यासारखी सुटून यायची, आणि नाकाला कुजका वास.

दुसरं रोप पुढच्या वर्षी जूनच्या शेवटी, दोन चांगले पाऊस झाल्यावर लावलं. या वेळी खोल खणलं नाही. उथळ, रुंद खड्डा केला आणि त्यावर दीड फूट उंचीचा उंचवटा बांधला: निघालेली काळी माती, मुरूम आणि पूर्ण कुजलेलं शेणखत, तिन्ही सारख्या भागात. रोप त्या उंचवट्यावर. साधारण चार फुटांचं होतं, दीडशे रुपयांना मिळालं. पिशवी ब्लेडनं कापली तेव्हा तळाशी मुळांची चुंबळ झालेली दिसली. तशीच लावली असती तर मुळं गोल गोलच फिरत राहिली असती, म्हणून ती हलक्या हातानं सोडवली आणि फार गुंतलेली टोकं कापली. नर्सरीवाल्यानं विकताना दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या: हा बारमाही फुलतो आणि याची पानं गळत नाहीत. दोन्ही खोट्या निघाल्या. पहिलीचं मला वाईट वाटलं नाही, पण दुसरीमुळे झाड जवळपास गेलंच होतं, आणि याचा मला आजही राग आहे. पानगळीचं झाड विकताना पानगळ होते एवढं सांगायला काय जातं?

पहिल्या वर्षी ऑक्टोबरात मोजून चाळीस-पन्नास फुलं आली. जानेवारीत पानं खरबरीत, निस्तेज झाली. फेब्रुवारीत गळायला लागली आणि मार्च संपता संपता झाडावर एकही पान उरलं नाही. नुसत्या चौकोनी काड्या. (पारिजातकाची कोवळी फांदी गोल नसते, चारधारी असते, चिमटीत धरून फिरवली की कळतं.) मी घाबरून रोज दोन बादल्या पाणी ओतायला लागले. आठवड्यात उंचवट्याच्या मातीला आंबूस वास यायला लागला. म्हणजे पहिल्या रोपाचीच गत मी पुन्हा करत होते, फक्त या वेळी पावसाच्या जागी मी होते.

आखाजीला नणंदा माहेरपणाला आल्या. लिंबाला (कडुनिंबाला) झोका बांधलेला, सांजोऱ्या तळायचं काम चाललेलं. मोठ्या नणंदबाई परसात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, त्या काटक्या कशाला ठेवल्या? काढून टाक, जास्वंद लाव." मलाही पटलं. कुदळ घेऊन गेले. सासूबाई मागून आल्या, काही न बोलता खाली वाकल्या आणि अंगठ्याच्या नखानं खोडाची साल जराशी खरवडली. वरचा करडा पापुद्रा निघाला आणि खाली ओला, हिरवागार रंग. मग एक वरची फांदी खरवडली, तिथेही हिरवं. "ते मरेल नही," त्या म्हणाल्या, "जपेल शे."

आमच्या अहिराणी बोलीत 'जप' म्हणजे झोप. ते मेलेलं नाही, झोपलंय, असं त्या म्हणत होत्या. मी धुळ्याकडची असूनही तो शब्द क्षणभर माझ्या कानात मराठीतल्या 'जपलेलं' सारखाच वाजला. कुदळ ठेवून दिली.

ज्यांच्याकडे आत्ता पारिजातक आहे त्यांनी एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. पानांतून पाणी उडत राहिलं तर झाड तगणार नाही, म्हणून ते पानंच टाकून देतं. पानं नसताना मुळं पाणीही फार ओढत नाहीत. तुम्ही ओतलेलं पाणी मातीत पडून राहतं आणि मुळं कुजवतं. नखानं साल खरवडून बघा. हिरवी असेल तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडी लागली तर आणखी खाली, बुंध्याजवळ बघा. तिथेही कोरडी असेल तरच कुदळ उचला.

त्यानंतर सासूबाईंच्या सांगण्यानुसार मी दर आठ-दहा दिवसांनी दोनच बादल्या पाणी घातलं, तेही उन्हं उतरल्यावर. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून गव्हाच्या काडाचा चार बोटं जाड थर पसरला. त्यानं भेगा पडणं बरंच थांबलं. भेगा पडल्या की बारीक मुळं तुटतात, हे मला आधी सुचलंच नव्हतं. खोडाला पश्चिमेकडून चुना लावला, कारण सावली द्यायला पान नव्हतं आणि दुपारची झळ सरळ सालीवर येत होती.

मेच्या शेवटी वळवाचा एक पाऊस झाला आणि काड्यांवर डोळे फुगले. छाटणी तेव्हा केली. पारिजातकाला फुलं त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे नवी फूट निघण्याआधी कापलं तर फुलांचं नुकसान होत नाही. सगळ्या फांद्या तिसरा हिस्सा कमी केल्या, एक मुद्दाम तशीच ठेवली. कापलेल्या प्रत्येक फांदीला चार-पाच नवे धुमारे आले. न कापलेली नुसती सरळ वर गेली, आणि तिची फुलं शेंड्याला, हात पुरणार नाही अशा उंचीवर आली. येत्या वर्षी तीही कापणार. न छाटता सोडलं तर हे झुडूप बघता बघता छपराच्या वर जातं.

खत म्हणाल तर जूनमध्ये दोन घमेली शेणखत, ऑगस्टात एक घमेलं गांडूळखत, बस. फवारणी एकदाही केली नाही. ऑगस्टात एका रात्रीत अर्ध्या फांदीची पानं गायब झाली. शोधलं तर बोटाएवढी जाड, हिरवी अळी, शेपटाकडे शिंगासारखा काटा. दिसायला भीतीदायक पण चावत नाही. खाली पडलेल्या काळ्या लेंड्या बघायच्या आणि बरोबर वरच्या फांदीवर शोधायचं, सापडते. मी फांदीसकट कापून दूर कुंपणावर नेऊन टाकली. दोन-तीनच मिळाल्या, पानं पुन्हा आली.

आता फुलांचं. यंदा पहिलं फूल पोळ्याच्या आसपास उमललं. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई (मुलींचा महिनाभराचा गाण्यांचा सण) बसल्या तेव्हा रोज पाऊणशे फुलं पडत होती आणि कोजागिरीपर्यंत तीनशेच्या वर गेली. गल्लीतल्या मुली सकाळी सहाला परकराचा ओचा करून हजर. संध्याकाळी गाणी म्हणायला येत त्याच वेळी झाडावर कळ्या उमलायला लागत. मी एकदा स्टूल टाकून बघत बसले. साडेसहा-पावणेसातला कळीचा पीळ सैल होतो, मग पाकळ्या भिंगरीच्या पात्यांसारख्या एकेक करून सुटतात, आणि मधला शेंदरी ठिपका उघडा पडतो. आधी वास येतो की आधी फूल दिसतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पहाटे एकेक फूल देठासकट गळतं आणि बहुतेक पालथं पडतं, शेंदरी देठ वर करून. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५३ मध्ये या झाडाचं नाव निक्टँथिस आर्बोर-ट्रिस्टिस असं ठेवलं, म्हणजे रात्री फुलणारं दुःखी झाड. आमच्या परसात सहा पोरी आणि एक सासूबाई त्याच्याखाली वाकलेल्या असताना ते दुःखी अजिबात दिसत नाही.

देठांचा रंगही करून पाहिला. फुलांची देठं खुडून सावलीत वाळवली, मूठभर देठं पाण्यात उकळली, तुरटीची चिमूट टाकली आणि पांढरा सुती रुमाल बुडवला. सुरेख पिवळा-केशरी रंग आला. केशराचा रंग ज्या जातीच्या द्रव्यामुळे येतो, त्याच जातीचं द्रव्य या देठात आहे. पूर्वी भिक्षूंची वस्त्रंही यात रंगवत. पण रंग पक्का नाही. तीन धुण्यांत आणि उन्हात रुमाल निम्मा फिका झाला.

त्रासाचंही सांगते. फुलांच्या दिवसांत सकाळी झाडलं नाही तर दुपारपर्यंत फुलं तपकिरी होऊन फरशीला चिकटतात आणि पिवळे डाग पडतात, म्हणून याच्याखाली फरशी किंवा गाडी नको, मातीच हवी. पानं सॅंडपेपरसारखी खरखरीत, उघड्या हाताला घासली की खाज सुटते. छाटताना बाह्या खाली घ्या. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे सावली जेव्हा खरोखर हवी, त्या एप्रिल-मेमध्ये हे झाड उघडं असतं. सावलीसाठी लावणार असाल तर लिंब लावा. शेजारच्या वहिनींनी हेच रोप मोठ्या कुंडीत लावलंय; जगलंय, पण फुलं दिवसाला वीस-पंचवीसच, आणि उन्हाळ्यात कुंडी तापते म्हणून तिला सारखी सावलीत सरकवावी लागते. जमीन असेल तर जमिनीतच लावा, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी.

सध्या डिसेंबर चालू आहे. फुलं दहा-बारावर आलीत आणि फांद्यांना चपटी, बदामाच्या आकाराची बोंडं धरलीत. वाळली की दोन फाका होतात, प्रत्येकीत एकेक बी. ज्यांनी झाड काढायला सांगितलं होतं त्या नणंदबाई दिवाळीला मूठभर बोंडं सांगून ठेवून गेल्यात, बी तयार झालं की पाठवायचंय. खालची पानं पिवळी पडायला सुरुवात झाली आहे, पाणी मी कालपासून कमी केलं.

सासूबाईंनी चातुर्मासात देवाला लाख फुलं वाहायचं धरलं होतं. या झाडाची जमिनीवरून वेचलेली फुलं देवाला चालतात, म्हणून रोज पहाटे पाटावर दहा-दहाच्या ओळी मांडून मोजायच्या आणि आकडा वहीत लिहायच्या. एवढ्याशा झाडाकडून लाख कुठली व्हायला. कार्तिकी एकादशीला ११,३४० वर त्यांनी रेघ मारली, वहीला दोरा गुंडाळला आणि ती देव्हाऱ्यात ठेवली. उरलेली पुढच्या आषाढीपासून.