उन्हाळ कांद्याला वरखत: युरिया की अमोनियम सल्फेट?

लाल कांदा काढला की बाजारात जातो. उन्हाळ, म्हणजे रब्बीचा कांदा साठवायला चाळीत, म्हणजे हवेशीर मांडवात जातो, म्हणून उभ्या पिकाला वरून नत्र कोणत्या खतातून द्यायचं हा प्रश्न मुख्यतः त्याचा. वैजापूरकडच्या काळ्या, चुनखडीच्या रानात मी दोन्ही खतं वापरली आहेत.

पैशाचं म्हणाल तर युरियाला तोड नाही. २६६.५० रुपयांच्या एका गोणीत जेवढं नत्र येतं, तेवढ्यासाठी अमोनियम सल्फेटच्या दोन गोण्या लागतात आणि त्यातली एकेक गोण युरियापेक्षा कितीतरी महाग पडते. शिवाय युरियाचा गुण डोळ्यांना लगेच दिसतो.

तीन वर्षांपूर्वी कालव्याचं पाणी उशिरा आलं. पात पिवळी पडत होती, लागवडीला सत्तर दिवस होऊन गेले होते. पाण्याच्या पाळीबरोबर एकरी एक गोण युरिया फेकला. चार दिवसांत वावर गर्द हिरवं, काळंभोर झालं. पुढे शेजारच्या रानात निम्म्या माना पडल्या, म्हणजे कांदा पक्व होऊन पात मानेत वाकली, माझी पात मात्र ताठ उभी. शेवटी तसाच काढला. पात कापताना हाताला अंगठ्याएवढी जाड, ओली मान लागायची. जोडकांदाही बराच निघाला. चाळीत भरताना माल मोठा आणि देखणा दिसत होता, पण पावसाळी दमट हवा सुरू झाली आणि चाळीजवळून जाताना वास यायला लागला. सड मानेतूनच आत उतरली होती. घरचे सगळे आठवडाभर निवडत बसलो आणि भाव चढायच्या आत अर्धी चाळ मोकळी करावी लागली.

दोष युरियाचा नव्हे, वेळेचा, असं कोणी म्हणेल. ते बऱ्याच अंशी खरं आहे. साठ दिवसांनंतर कांद्याला नत्र देऊच नये, मग ते कोणत्याही खतातून असो. पण युरिया स्वस्त, घरात पडलेला, आणि पात जरा फिकी दिसली की हात तिकडेच जातो. अमोनियम सल्फेटची गोण आणताना माणूस मोजून आणतो, मोजूनच टाकतो.

रब्बीला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस धरली तर एकरी ४० किलो होतं. निम्मं लागवडीला गेलं की उरलेल्या २० किलोंसाठी अमोनियम सल्फेटच्या दोन गोण्या बरोबर बसतात: एक तिसाव्या दिवशी, दुसरी पंचेचाळिसाव्या. त्यातून गंधकही मिळतं, आणि कांद्याचा तिखटपणा गंधकावरच असतो. तेव्हापासून माझ्या माना वेळेवर पडतात, बारीक राहतात. यात हवामानाचा वाटा किती आणि खताचा किती, हे मी वेगळं करून सांगू शकणार नाही.

ज्यांचं ठिबक आहे आणि जे युरिया थोडा थोडा, वेळेत सोडतात, त्यांना माझी अडचण कदाचित येणार नाही. लागवडीला दाणेदार गंधक किंवा सुपर फॉस्फेट दिलं असेल तर गंधकाचीही उणीव राहत नाही. काढल्या काढल्या विकणाऱ्यानेही युरियाच घ्यावा, पैसे वाचतील. पण दिवाळीपर्यंत चाळ टिकवायची असेल, तर मी तरी जास्तीचे पैसे देतो. यंदाच्या एकरी दोन गोण्या आणून ठेवल्या आहेत. दुसरी टाकली की घरात खताचा दाणा उरत नाही.