हप्त्याची फाईल ओळखीच्याच नंबरवरून येते

‘तुमचा पीएम किसानचा हप्ता थांबला आहे. आजच ई-केवायसी करा.’ खाली एक फाईल. पाठवणारा परका नाही. लासलगावचे कांद्याचे भाव रोज ग्रुपवर टाकणारे तेच भाऊ. नाव ओळखीचं, डीपी ओळखीचा, मग फाईलकडे कोण निरखून बघतो?

भाऊंनी ती पाठवलेलीच नसते. आधी त्यांनीही अशीच फाईल उघडलेली असते. त्यांच्या फोनवर आलेला व्हॉट्सॲपचा ओटीपी वाचून भामट्यांनी त्यांचं व्हॉट्सॲप स्वतःकडे चालू केलेलं असतं, आणि तिथून ती भाऊंच्या सगळ्या ग्रुपांवर सुटते. म्हणून ‘कोणी पाठवली’ यावरून ‘कोणी बनवली’ हे ठरवता येत नाही. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे हप्त्याचं आमिष चालतं, सातपूर-अंबडच्या गाडीवाल्या कामगाराला ‘आरटीओ चलन’, लग्नसराईत ‘लग्नपत्रिका’. आतला माल तोच.

फाईलवर बोट न ठेवता तिच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा. तिथे साइज आणि प्रकार लिहिलेला असतो. पत्रिका असेल तर पीडीएफ किंवा सरळ फोटो दिसेल. एपीके ही तीन इंग्रजी अक्षरं दिसली, की तो कागद नव्हे, ॲप आहे. पत्रिका किंवा चलन कधी इन्स्टॉल करावं लागत नाही.

अँड्रॉइड फोन स्वतःही अडवतो: अनोळखी स्रोताचं ॲप घ्यायला वेगळी परवानगी मागतो, गूगलच्या प्ले प्रोटेक्ट या सुरक्षा तपासणीचा इशारा येतो. भामट्यांना हे ठाऊक असतं. म्हणून मेसेजमध्येच कधी कधी लिहिलेलं असतं, ‘इशारा आला तरी इन्स्टॉल दाबा, सरकारी ॲप आहे.’ सरकारी ॲपला असं सांगावं लागत नाही, एवढं तरी त्या क्षणी सुचायला हवं. पण हप्ता अडकल्याच्या काळजीत माणूस दाबून मोकळा होतो.

मग ॲप एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी मागतं. इथेच खरी चोरी होते. पडद्यावर राजमुद्रा लावलेलं पान येतं. त्यात आधार, मोबाईल, शेवटी ‘१ रुपया शुल्क’ म्हणून डेबिट कार्डाचे आकडे आणि मुदत. कारण साधं आहे. यूपीआय चालू करताना तुमच्याच सिमवरून एक एसएमएस जातो का, हे तपासलं जातं. पिन बसवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो. आकडे तुम्ही भरून दिलेत. एसएमएस पाठवणं आणि ओटीपी वाचणं ॲप करतं. ओटीपी कोणालाही सांगितला नाही, असं लोक पोलिसांत कळवळून सांगतात, आणि ते खरंच असतं.

बऱ्याचदा ॲपचं चिन्ह लगेच दिसेनासं होतं. ‘झालंच नाही वाटतं’ म्हणून माणूस पुन्हा दाबतो, नाहीतर पुण्यातल्या मुलाकडे पाठवतो. मुलाकडे आयफोन असेल तर तिथे एपीके चालतच नाही. तो म्हणतो, ‘काही होत नाहीये, तुम्हीच बघा.’ फाईलमध्ये धोका नाही असा त्याचा अर्थ घरात लावला जातो.

खरा रस्ता असा. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये, २००० चे तीन हप्ते. ई-केवायसी पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर आधारच्या ओटीपीने होते, किंवा सीएससी म्हणजे गावच्या सरकारी सेवा केंद्रावर अंगठा देऊन, हेल्पलाइन १५५२६१. चलनाची खात्री महाट्रॅफिकईचलन डॉट जीओव्ही डॉट इनवर गाडीचा नंबर टाकून होते. दोन्ही पत्ते स्वतः टाइप करा, मेसेजमधली लिंक नको.

फाईल उघडली गेलीच असेल तर फोन आधी फ्लाइट मोडवर. नुसतं इंटरनेट बंद करून भागत नाही, कारण एसएमएस नेटशिवायही जातात. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला; तिथे हे ॲप नाही. त्यावरून *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेत का बघा, असतील तर ##००२# ने बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. तक्रार जितकी लवकर, तितका तो वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त. मग बँकेला सांगून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या चुकीने गेलेला पैसाही बँकेला कळवेपर्यंतच ग्राहकाच्या माथी मारलाय. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लेखी हवी.

नव्या फोनवर यूपीआय सुरू झालं, की पहिले २४ तास साधारण ५००० रुपयांचीच मुभा असते. म्हणजे पहिला फटका छोटा बसू शकतो. ‘पाचच हजार गेले, जाऊ दे’ म्हणून गप्प बसलात, तर पुढचा मोठा बसतो.

लाजेपोटी मेसेज पुसू नका, तोच पुरावा. स्क्रीनशॉट काढून सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार करा. ॲप हटत नसेल तर सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’मधला त्याचा हक्क आधी काढा, शेवटी फोटो बाजूला ठेवून फोन पूर्ण रीसेट केलेला बरा. ‘फी भरा, पैसे परत आणून देतो’ असं सांगणारे याच सुमारास फोन करतात. ती दुसरी टोळी समजा.

आणि भाऊंना कळवायचं तर व्हॉट्सॲपवर नव्हे, साधा कॉल करा. त्यांचे कॉल वळवलेले असू शकतात. आवाज दुसऱ्याच कुणाचा आला तर फोन ठेवा आणि त्यांच्या घरी माणूस पाठवा; त्यांना अजून पत्ताही नसेल.