कॉलेजची इमारत आणि सामानाची फायर पॉलिसी: पुराच्या क्लेमनंतरचा रिव्ह्यू

पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात मी 22 वर्षं आहे, सध्या ओएस, म्हणजे कार्यालय अधीक्षक. नाव फायर पॉलिसी असलं तरी पुराचं नुकसानही तिच्यात धरतात. विमा कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आमचं जे झालं ते कुठल्याही कंपनीकडे झालं असतं.

25 जुलै 2024 ला पहाटे खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं, एकता नगरीतून लोकांना बोटीने काढलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच, आमचं कॉलेजही मुठेच्याच काठाला. तळमजल्यावर ग्रंथालय, एक लॅब आणि फर्निचरची खोली. पाणी उतरल्यावर आत गेलो तर भिंतीवर 3 फूट 2 इंचांवर चिखलाची रेघ आणि खालच्या फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांत इतकी घट्ट बसलेली की ओढलं की पुठ्ठा हातात आणि पानं आतच, शेवटी शिपाई मामांनी रॅकचे नटबोल्ट खोलले तेव्हा कुठे ती बाहेर आली. आमच्या ग्रंथपाल मॅडम तिथेच पायरीवर बसून रडल्या.

आता सर्व्हिसचं सांगते. दुपारी मेल टाकला आणि फोन केला, संध्याकाळी क्लेम नंबर आला. सर्व्हेअर, म्हणजे कंपनीसाठी नुकसान मोजणारे, तिसऱ्या दिवशी आले, माणूस चांगला होता, गमबूट घालून चार तास फिरले, टेप लावून रेघ मोजली, म्हणाले "मॅडम, काही फेकू नका अजून, आधी प्रत्येक रॅकचा फोटो काढा." मग अ‍ॅक्सेशन रजिस्टर (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद) आणि डेडस्टॉक रजिस्टर (फर्निचर, उपकरणं अशा टिकाऊ सामानाची नोंद) मागितलं. डेडस्टॉक वरच्या मजल्यावर होतं पण अ‍ॅक्सेशन रजिस्टर ग्रंथालयातच, सगळ्यात खालच्या कपाटात, शाई पूर्ण पसरलेली. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप दुसऱ्या बिल्डिंगमधल्या कॉम्प्युटरवर होता म्हणून आम्ही वाचलो, नाहीतर कुठली पुस्तकं गेली हे सिद्धच करता आलं नसतं.

खरा धक्का नंतर बसला. सामानाचं सर्व्हेअरनी धरलेलं नुकसान 9.4 लाख आणि मंजूर झाले 3.76 लाख, त्यातून परत एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपणच सोसायचा वाटा, वजा. मला वाटलं टायपिंगची चूक आहे. पण हे अंडरइन्शुरन्समुळे, म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा घेतल्यामुळे. पॉलिसीत सामानाची रक्कम 32 लाख लिहिलेली होती आणि तेच सगळं सामान आज नवीन घ्यायला 80 लाख लागतात, म्हणजे आम्ही 40 टक्केच विमा घेतला होता, म्हणून नुकसानही 40 टक्केच मिळालं. आमची भारत लघु उद्यम सुरक्षा ही पॉलिसी 2021 पासून आली आहे, एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींच्या वर ते 50 कोटींपर्यंत असेल तर ती लागते, त्यात 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. आमची तूट 60 टक्के, मग कसली माफी.

आणि हे 32 लाख आले कुठून तर बॅलन्स शीटमधून. दरवर्षी घसारा वजा होऊन उरलेली किंमत, तीच आम्ही एजंटला देत आलो. 11 वर्षं तो एजंट आमच्याकडे होता, रिन्यूअलला "मॅडम चेक तयार ठेवा" एवढा एक मेसेज, एकदाही येऊन इमारत बघितली नाही की ही रक्कम कशी काढली असं विचारलं नाही. मला याचा राग अजून आहे. अर्थात सही आमचीही होती, पण आम्ही कारकुनी करणारी माणसं, हे सांगणं त्याचं काम होतं.

अजून एक गोष्ट तेव्हाच वाचताना कळली. हस्तलिखितं पॉलिसीत वेगळी लिहून घेतली नसतील तर ती कव्हरच होत नाहीत. आमच्याकडे जुन्या पोथ्यांचं एक कपाट आहे, वरच्या मजल्यावर असल्यामुळे सुटलं, तेव्हापासून मी रोज एकदा ते कपाट बघते. भिंतीतून हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याचंही काही मिळत नाही, टाकी किंवा पाइप फुटला तर मिळतं.

पैसे यायला जानेवारी उजाडला. कागदांसाठी तीन वेळा हेलपाटे, आणि तेच कागद परत परत, हे फार त्रासाचं. ढिगारा उचलायचा खर्च क्लेमच्या 2 टक्क्यांपर्यंतच मिळतो, चिखल काढायला त्याच्या कितीतरी जास्त लागले.

यंदा व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेची किंमत काढणारा माणूस, बोलावून जमीन सोडून इमारत परत बांधायचा खर्च काढला, पुस्तकं, फर्निचर, लॅब, कॉम्प्युटर वेगवेगळ्या रकमांनी लिहिले, पोथ्यांची यादी जोडली. प्रीमियम दुपटीच्या वर गेला, वर 18 टक्के जीएसटी, आणि कॉलेजला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर कुठे वजा करून घेता येत नाही. ट्रस्टींनी आधी नाहीच म्हटलं, मग मी त्यांना फुगलेल्या पुस्तकांचे फोटो आणि 3.76 लाखांचं पत्र शेजारी शेजारी ठेवून दाखवलं.

पॉलिसीला 5 पैकी 3, सर्व्हेअरला 4, जुन्या एजंटला 1. नवीन एजंट बाईंनी पहिल्याच भेटीत "तळमजल्यावर काय काय ठेवता" असं विचारलं, मी त्यांना चावी घेऊन सरळ ग्रंथालयात नेलं.