क्वेक टू आरटीएक्स: एका फोटोवाल्याचा रिव्ह्यू

आषाढ लागला की आमच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो सोडले तर काम नसतं. मुहूर्त नाहीत, बाहेर बेळगावचा पाऊस, शहापुरातल्या आमच्या गल्लीत माणूस दिसायचा नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला म्हणून उन्हाळ्यात कॉम्प्युटरमध्ये आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घातलं होतं, १२ जीबीचं. सीझन संपला आणि ते नुसतं बसून राहिलं. इंजिनिअरिंगला असलेला भाचा खानापूरहून येता-जाता टोचायचा, "मामा, एवढं कार्ड घेऊन अल्बमच करूलालास होय?" शेवटी त्यानंच एका रविवारी दोन गेम टाकून दिले. दोन्ही मुळात नवं कार्ड काय करू शकतं हे दाखवायला केलेले.

पहिला क्वेक टू आरटीएक्स, बंदूक घेऊन शत्रू टिपायचा खेळ. नाव वाचलं आणि हसूच आलं. मूळ क्वेक टू १९९७चा. आम्ही तो टिळकवाडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, सर घरी गेल्यावर, शटर अर्धं ओढून खेळलोय. मशीनला ग्राफिक्स कार्ड नव्हतं, त्यामुळं सगळं मातकट, चिखलात लोळवल्यासारखं. मग कॅम्पातल्या एका मित्राकडं व्हूडू, म्हणजे तेव्हाचं ग्राफिक्स कार्ड, आलं. त्याच्याकडं तोच गेम लावला तर भिंतींवर नारिंगी, निळा उजेड! रंगीत प्रकाश कार्डाशिवाय दिसायचाच नाही. म्हणजे हा गेम तेव्हाही कार्डाची जाहिरात करत होता, आताही करतोय. फक्त मी तेव्हा बघायला जायचो, आता माझ्या टेबलावर आहे.

नवा अवतार एनव्हिडियानं, म्हणजे हे कार्ड बनवणाऱ्या कंपनीनंच, जून २०१९मध्ये काढला. त्याआधी क्रिस्टोफ शीड या जर्मनीतल्या संशोधकानं जुन्या क्वेक टूला पाथ ट्रेसिंग, म्हणजे उजेडाच्या किरणांचा माग काढून चित्र बनवायची पद्धत, जोडून दाखवलं होतं, त्यावरच हा पुढं नेला. पहिल्या तीन लेव्हल फुकट आहेत. पुढचं खेळायचं तर मूळ गेम विकत घ्यावा लागतो. डोळ्यांना खात्री पटायला तीन पुरे.

आता माझ्या धंद्यातलं बोलतो. जुन्या गेममध्ये उजेड आधीच हिशेब करून भिंतींवर चिकटवलेला असायचा. पडद्यावर मागं डोंगर रंगवून पुढं नवरा-नवरीला उभं करायचे, तसला प्रकार. इथं किरण खरोखर सोडला जातो, भिंतीवर आपटतो, तिचा रंग घेऊन दुसरीकडं पडतो. लाल भिंतीशेजारी पांढरी साडी उभी करून बघा, गालावर लाली येते की नाही? अगदी तसंच. पहिल्याच लेव्हलला ब्लास्टर बंदूक मारली आणि गोळी अंधाऱ्या बोळातून जाताना दोन्ही बाजूच्या भिंती उजळत गेल्या. मी शत्रू सोडून भिंतींवरच गोळ्या मारत बसलो. भाच्यानं कपाळावर हात मारला.

मेनूत दिवसाची वेळ बदलता येते. सकाळ, दुपार, संध्याकाळ. संध्याकाळ लावली की ऊन तिरकं होऊन खिडकीतून आत येतं आणि जमिनीवर पडलेल्या त्या पट्ट्यामुळं छतसुद्धा उजळतं. छताला कोण बघतं? मी बघतो. पंचवीस वर्षं थर्माकोलच्या शीटवरून लाइट परतवून लोकांच्या डोळ्यांखालच्या सावल्या घालवतोय, आणि या गेमनं तेच काम कुणी न सांगता केलं. फ्लेअर गनही दिलीय. अंधारात जळता गोळा फेकायचा, तो पडेल तिथला कोपरा उजळतो. आमचा लाइट धरणारा पोरगा मागं उभा होता, तो कानडीत एवढंच म्हणाला, "छलो ऐत्री!" म्हणजे छान आहे.

पण खरी गंमत पॉज केल्यावर. दर फ्रेमला कार्ड थोडेच किरण सोडू शकतं, त्यामुळं मूळ चित्र रवाळ येतं. मंडपात लाइट नाही म्हणून कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवला की फोटोवर दाणा येतो ना, तसं. खेळताना मागच्या फ्रेमची माहिती वापरून तो दाणा पुसला जातो. पॉज करून रेफरन्स मोड लावला की पुसणं बंद होतं आणि कार्ड त्याच दृश्यावर किरण सोडत राहतं. आधी वाळू उडाल्यासारखं दिसतं, मग हळूहळू निवळतं. डार्करूममध्ये ट्रेमधल्या केमिकलात कागदावर फोटो उमटताना ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. चहा गार झाला माझा.

खोटही आहे. दाणा पुसण्याच्या नादात उजेड थोडा मागं रेंगाळतो. स्फोट संपला तरी भिंत क्षणभर तांबूस राहते, स्लो शटरवर हात हलल्यासारखी. काही खोल्या नको इतक्या काळोख्या झाल्यात. आणि सैनिक! इतक्या सुंदर उजेडात ती ठोकळ्याची तोंडं आणखीच उघडी पडतात. पार्लरवाल्या बाईंनी घाईत आटोपलेला मेकअप माझ्या लाइटखाली जसा दिसतो, तसंच.

१०८० रिझोल्यूशनला गेम नीट चालतो. त्याच्यावर नेला की कार्डाला धाप लागते. हे कार्ड १७० वॅट खातं आणि माझा यूपीएस छोटा. पहिल्या दिवशी गेम सुरू केल्याबरोबर तो बीप बीप करायला लागला. पावसात वीज गेली तेव्हा त्यानं मिनिटभरही दम धरला नाही, मशीन तशीच बंद. एका जावळाच्या कार्यक्रमाचं अर्धं एडिट सेव्ह केलं नव्हतं. चूक माझीच. गेम लावायच्या आधी काम सेव्ह करा, दुसरं काय सांगू.

दुसरा गेम पोर्टल विथ आरटीएक्स, डिसेंबर २०२२चा. २००७चा पोर्टल ज्याच्याकडं आहे त्याला फुकट. भिंतीला भोक पाडून दुसऱ्या भिंतीतून बाहेर पडायचं, असा डोक्याला खाऊ घालणारा खेळ. इथं एका खोलीतला उजेड त्या भोकातून दुसऱ्या खोलीत जाऊन पडतो. स्टुडिओत असं भोक मिळालं तर मी सॉफ्टबॉक्स विकून टाकीन. पण किमान कार्ड म्हणून ३०६०च लिहिलंय, आणि किमान म्हणजे किमानच. डीएलएसएस, म्हणजे छोटं चित्र काढून ते मोठं करायची युक्ती, लावल्याशिवाय गेम पाऊल उचलत नाही. लावलं की कडा पुसट होतात. ज्या उजेडासाठी गेम लावायचा तोच धुरकट बघायचा? भाचा म्हणतो, महागडं कार्ड घे. त्याला काय जातंय म्हणायला.

पोर्टल मी काढून टाकला, त्या जागेत दोन लग्नांचं फुटेज बसलं. क्वेक ठेवलाय. भाच्याला अजून वाटतं की मी खेळतो. मी संध्याकाळचं ऊन लावतो, कोपऱ्यात उभा राहतो, पॉज करतो आणि चित्र निवळायची वाट बघतो. परवा पासपोर्ट फोटोला आलेल्या एका आजोबांनी मॉनिटरकडं बघून विचारलं, "हे कुठलं गोडाऊन, उद्यमबागेतल्या कारखान्यांतलं काय?" मी होय म्हटलं आणि त्यांना स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली.